नागपुरातील राजवास्तूंचे उत्तरायुष्य

परकीय सत्तेने आपल्या कारभारासाठी, संरक्षणासाठी किंवा वैभवाच्या प्रदर्शनासाठी उभारलेल्या वास्तूंचे सत्तांतरानंतर काय करावयाचे, हा प्रश्न विसाव्या शतकात अनेक राष्ट्रांपुढे उभा राहिला. सेऊल येथील जपानी गव्हर्नर-जनरलच्या प्रचंड कचेरीत कोरियन शासनाने १९८६ साली राष्ट्रीय संग्रहालय भरविले; परंतु ती वास्तू तेथे उभी असणेच लोकांना सहन होईना, म्हणून मुक्तीच्या पन्नासाव्या वर्षी, १९९५ साली, ती पाडावयास आरंभ झाला. अंदमानातील सेल्युलर जेलच्या सात शाखांपैकी तीनच उरल्या आणि त्या १९७९ साली राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण झाल्या. बर्लिनच्या राइशस्टागचे नूतनीकरण १९९९ साली पुरे झाले, तेव्हा १९४५ मध्ये सोव्हिएत सैनिकांनी भिंतींवर कोळशाने व खडूने लिहिलेली अक्षरे मुद्दाम राखून ठेवण्यात आली. एके ठिकाणी वास्तू पाडली, दुसऱ्या ठिकाणी ती पूज्य ठरली, तिसऱ्या ठिकाणी जखमेसह वापरात आली. निर्णय भिन्न असले तरी तिन्ही ठिकाणी निर्णय झाला, हे महत्त्वाचे.

नागपूरचे प्रकरण याहून वेगळे आहे. येथे असा निर्णय कोणी घेतल्याचे दिसत नाही, कारण तो घेण्याचा प्रसंगच आला नाही. किल्ल्यात पलटण होती, तेथे पलटणच राहिली. न्यायालयात न्यायासने राहिली, सभागृहात आमदार बसू लागले, सचिवालयात कारकुनांच्या फायली पूर्ववत् चालू राहिल्या. धनी बदलला, प्रयोजन बदलले नाही. प्रयोजन बदलले असते तर वास्तूच्या पूर्वेतिहासाकडे पाहणे भाग पडले असते. जेल मोडून संग्रहालय करताना जेलविषयी काहीतरी म्हणावेच लागते. नागपुरात वास्तूंचा वापर अखंड राहिल्यामुळे त्यांच्या अर्थाची चर्चा टळली. या टळलेल्या चर्चेचे दोन निरनिराळे परिणाम झाले. सिव्हिल लाइन्समधील इमारतींना एक नवाच अर्थ आपोआप येऊन चिकटला. सीताबर्डीच्या किल्ल्याचा अर्थ मात्र दरवाजाआड अडकून पडला. प्रस्तुत लेखात या दोन परिणामांचा विचार करावयाचा आहे.

आरंभ किल्ल्यापासूनच केला पाहिजे, कारण नागपुरातील इंग्रजी सत्तेचा आरंभ त्या टेकडीवर झाला. नागपूर शहराच्या साधारण मध्यावर लगतच्या दोन टेकड्या आहेत, एक मोठी व एक लहान, आणि दोहोंमध्ये एक सखल खांड. पूर्वेस महाल, इतवारी, म्हणजे भोसल्यांचे जुने शहर. पश्चिमेस इंग्रजांनी वसविलेली सिव्हिल लाइन्स व नंतरच्या वसाहती. टेकडी आजही या दोन नागपुरांमधील शीव आहे.

तिच्या नावाविषयी थोडे लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. शीतलाप्रसाद व बद्रीप्रसाद या दोन यदुवंशी बंधूंवरून ‘शीतलाबद्री’ आणि त्यापासून इंग्रजांच्या तोंडी ‘सीताबल्डी’ अशी व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते. दोन व्यक्तिनामांतील ‘प्रसाद’ तेवढे गाळून पूर्वपदे एकत्र सांधावीत आणि त्याचे स्थलनाम व्हावे, ही घडण मराठी ग्रामनामांच्या परिपाठाशी जुळणारी नाही. येथे लोकव्युत्पत्तीचा संशय येणे साहजिक आहे. ‘बरड’ हा खडकाळ, मुरमाड जमिनीस लागणारा जुना मराठी शब्द आहे. ‘बर्डी’ हे त्याच कुळातील रूप असून लहानशी खडकाळ टेकडी हा त्याचा अर्थ येथे प्रत्यक्ष डोळ्यांसमोर उभा आहे. नागपूरकर पुष्कळदा ‘बर्डीवर जाऊन येतो’ असे म्हणतो. आज तो बाजारात जात असतो, टेकडी चढत नसतो. तरीही ‘वर’ हा प्रत्यय जुन्या चढणीची आठवण धरून आहे. ‘सीताबल्डी’ हे इंग्रजी कागदपत्रांतले रूप पाट्यांवर आणि नकाशांवर गेले, ‘बर्डी’ हे लोकांच्या तोंडी राहिले. सरकारी नाव एक आणि चालते नाव दुसरे, हा प्रकार पुढे नागपुरातील इतर वास्तूंच्या बाबतीतही आढळेल.

१८१६ च्या मे महिन्यात आप्पासाहेब भोसल्यांनी कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला होता. दीड वर्षाच्या आत परिस्थिती पालटली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांनी खडकीला इंग्रजांशी युद्ध आरंभिले, आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेस आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली वस्त्रे व सेनासाहेबसुभा हा किताब भर दरबारात स्वीकारला. रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याची कोठी टेकडीच्या पश्चिमेस होती. त्याने आपली फौज टेकडीवर आणली. २६ नोव्हेंबरच्या सायंकाळी गोळीबारास तोंड लागले व तो रात्रभर चालू राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांकडील अरबांनी लहान टेकडी जिंकून घेतली. मोठ्या टेकडीवरील फौजेची अवस्था बिकट झाली असता कॅप्टन फिट्झजेराल्ड याच्या बंगाली घोडदळाने खालच्या मैदानात अचानक हल्ला चढविला; त्याच सुमारास लहान टेकडीवर दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झाला; आणि दुपारपर्यंत लढाईचा रंग बदलला. कंपनीकडे तेराशे-चौदाशे माणसे होती, भोसल्यांकडे सुमारे अठरा हजार व त्यांत तीन ते चार हजार अरब. कंपनीचे मृत व जखमी मिळून तीनशेंहून अधिक होते. संख्येचे हे प्रमाण इंग्रज लेखकांनी मोठ्या अभिमानाने पुनःपुन्हा उद्धृत केले आहे.

या लढाईकडे स्वदेशी विरुद्ध परदेशी अशा सरळ नजरेने पाहू गेल्यास अडचण उत्पन्न होते. कंपनीच्या बाजूने टेकडी लढविणारे शिपाई बहुतांशी मद्रासच्या विसाव्या व चोविसाव्या पलटणीतील, म्हणजे हिंदीच होते. भोसल्यांच्या बाजूने सर्वांत कडवेपणाने लढले ते पगारी अरब. १६ डिसेंबरला आप्पासाहेब स्वतः इंग्रजांच्या स्वाधीन झाल्यावरही हे अरब शहरातील महाल सोडावयास तयार नव्हते. २४ डिसेंबरला जनरल डव्हटनने जुम्मा दरवाजावर केलेला हल्ला त्यांनी परतवून लावला, आणि महिनाअखेरीस अटी मान्य करून घेऊनच ते बाहेर पडले. ज्या राजासाठी ते लढत होते तो दोन आठवड्यांपूर्वीच शरण गेला होता. टेकडीवर स्मारक करावयाचे ठरविल्यास त्यावर कोणाची नावे कोरावयाची, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

६ जानेवारी १८१८ च्या तहाने सीताबर्डीवर तटबंदी करण्याचा अधिकार कंपनीला मिळाला आणि किल्ला उभा राहिला. त्याला मराठेशाहीतील गिरिदुर्गांचे रूप नाही, पराक्रमाची परंपरा नाही. शहरावर तोफा रोखून धरण्यासाठी बांधलेले ते ठाणे होते, आणि त्याचे तोंड बाहेरच्या शत्रूकडे नसून महालाकडे होते. पुढील छत्तीस वर्षे भोसल्यांचे राज्य नावाला चालले. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने १८५४ साली राज्य खालसा केले. १८५७ च्या जूनमध्ये टाकळी येथील घोडदळाचा उठाव फसला आणि त्यातील पुढाऱ्यांना फाशी देण्यात आली. नवाब कादर अली व त्यांचे आठ सहकारी यांना किल्ल्यावर फासावर चढविल्याची परंपरा नागपुरात सांगतात, आणि किल्ल्यात त्यांची म्हणून दाखविली जाणारी कबर सैन्याने आस्थेने सांभाळली आहे. १८१७ च्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची थडगीही त्याच आवारात आहेत. दिल्ली दरबारानंतरच्या परतीच्या प्रवासात पंचम जॉर्ज व राणी मेरी यांनी या किल्ल्यावरून नागपूरच्या जनतेला दर्शन दिले, त्याची खूण असलेला स्तंभही तेथेच. जिंकणारे, जिंकले गेलेले आणि दर्शन देणारे अशा तिघांच्या खुणा इतक्या थोड्या जागेत एकत्र असलेले दुसरे ठिकाण विदर्भात क्वचितच सापडेल.

भोसल्यांच्या बाजूने असे काही शिल्लक आहे काय, असे कोणी विचारील. काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाने नटलेला त्यांचा जुना राजवाडा १८६४ साली आगीत भस्म झाला. नगारखान्याचा दरवाजा तेवढा उरला. म्हणजे नागपूरची राजसत्ता ज्या वास्तूत नांदली ती गेली, आणि जिने ती राजसत्ता संपविली ती वास्तू राहिली. या योगायोगाचा नागपूरच्या स्मृतीवर खोल परिणाम झाला असला पाहिजे. पुण्यास शनिवारवाडाही जळाला, पण त्याचा तट उभा राहिला आणि तटाला पाहून लोकांना आत काय होते याची कल्पना करता आली. नागपुरात राजधानीपणाची दृश्य खूण म्हणून दाखवावयाची तर बोट सिव्हिल लाइन्सकडेच जाते.

१८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला व नागपूर त्याची राजधानी ठरले; १९०३ मध्ये वऱ्हाड कारभारासाठी त्यास जोडला गेला; १९१४ मध्ये प्रांताला विधिमंडळ मिळाले. सचिवालय, कौन्सिल हॉल, गव्हर्नरचे निवासस्थान, अधिकाऱ्यांचे बंगले असा पसारा टेकडीच्या पश्चिमेस वाढत गेला. सिव्हिल लाइन्स ही केवळ वसाहत नव्हती. तिला एक अलिखित मर्यादा होती. ही मर्यादा १९२३ साली उघड झाली. त्या वर्षीच्या १३ एप्रिलला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, राष्ट्रीय निशाण घेऊन निघालेली मिरवणूक सिव्हिल लाइन्सकडे जाताना पोलिसांनी अडविली. १ मेपासून रीतसर झेंडा सत्याग्रह सुरू झाला. जमनालाल बजाज यांनी नेतृत्व केले, त्यांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली, आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले दीड हजारांहून अधिक स्वयंसेवक तुरुंगात गेले. मागणी एवढीच की हाती निशाण घेऊन सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावरून चालू द्यावे. १८ ऑगस्ट रोजी मिरवणूक त्या रस्त्याने गेली आणि सत्याग्रह संपला.

हा प्रसंग येथे मुद्दाम सांगितला आहे. ज्या इमारतींच्या बाजूने निशाण नेण्यासाठी माणसांनी सक्तमजुरी पत्करली, त्या इमारतींवर १९४७ साली तेच निशाण (अशोकचक्रासह) चढले. असे झाल्यावर त्या वास्तूंविषयी लोकांच्या मनात तेढ उरली नाही, हे समजण्यासारखे आहे. त्या जणू जिंकून घेतल्या होत्या. पण जिंकल्या होत्या ही गोष्ट सांगणारी एखादी ठसठशीत खूण त्या रस्त्यांवर शोधू गेल्यास निराशाच पदरी येते. एका पिढीला जे आठवत होते ते दुसरीने ऐकले, तिसरीला ते पाठ्यपुस्तकात दोन ओळींत भेटले.

तोवर दुसरी एक घटना घडली होती, आणि तिने या वास्तूंचा अर्थ पार बदलला. नागपूरला १९३६ साली स्वतंत्र उच्च न्यायालय मिळाले. त्याच्यासाठी हेन्री मेड या वास्तुविशारदाने, ज्याने नव्या दिल्लीच्या उभारणीत ल्यूटन्स व बेकर यांच्या हाताखाली काम केले होते, वालुकाश्माची देखणी इमारत रचली. ६ जानेवारी १९४० रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो याच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. साम्राज्याची घटिका भरत आली असता, जगात दुसरे महायुद्ध पेटले असता, ही इमारत उघडली गेली. ब्रिटिशांनी तिचा उपभोग जेमतेम साडेसात वर्षे घेतला. स्वतंत्र भारतात ती मध्यप्रदेशाच्या उच्च न्यायालयाची इमारत झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचनेने नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळला व उच्च न्यायालय जबलपूरला गेले, आणि नागपूरचे उच्च न्यायालय मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बनले. शंभर वर्षांची राजधानी एका रात्रीत राजधानी राहिली नाही.

फाजल अली आयोगाने १९५५ च्या आपल्या अहवालात विदर्भाच्या स्वतंत्र राज्याची शिफारस केली होती, ती मान्य झाली नव्हती. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरास भरविण्याचे आश्वासन दिले होते. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर ते अमलात आले. तेव्हापासून कौन्सिल हॉलचे विधानभवन हिवाळ्यापुरते जागे होते. मुख्यमंत्र्यांच्या बंगल्याला ‘रामगिरी’ हे नाव मिळाले. त्या नावामागे रामटेक आहे, मेघदूत आहे, आणि मूळ बंगला कोणासाठी बांधला होता याचा त्यात मागमूस नाही.

या पार्श्वभूमीवर सिव्हिल लाइन्सच्या वास्तू नागपूरकरांना काय सांगू लागल्या, हे पाहण्यासारखे आहे. उच्च न्यायालयाची भव्य इमारत पाहून ‘येथे परकीयांचे राज्य होते’ असे क्वचितच कोणी म्हणतो. ‘आमचे स्वतःचे हायकोर्ट होते’ असे म्हणतो. सचिवालय, विधानभवन, राजभवन ही सारी एका गेलेल्या राजधानीची साक्ष ठरली, आणि स्वतंत्र विदर्भाच्या वादात तर ती पुराव्यासारखी पुढे केली जाऊ लागली. इमारती तयार आहेत, राज्य तेवढे द्या, हा युक्तिवाद नागपुरात नवीन नाही. भाषेत यास अर्थांतर म्हणतात. शब्दाचे रूप तेच राहते, बोलणाऱ्यांची गरज बदलते, आणि जुना अर्थ मागे पडून नवा रूढ होतो. साम्राज्याच्या वैभवासाठी उभारलेली वास्तू प्रादेशिक स्वाभिमानाची वास्तू झाली, तीही एक दगड न हलविता.

‘जुने’ हे विशेषण नागपुरात या कामी मोठे उपयोगी पडले आहे. ‘जुने सचिवालय’, ‘जुने हायकोर्ट’ ही येथे वर्णने राहिलेली नसून विशेषनामे झाली आहेत. टपालाच्या पत्त्यात ती तशीच लिहिली जातात. जुन्या सचिवालयात निरनिराळ्या शासकीय कचेऱ्या बसल्या, जुन्या हायकोर्टात पुरातत्त्व सर्वेक्षणाची कचेरी नांदली. पदवी गेलेल्या गृहस्थाला लोकांनी जुन्याच पदाने हाक मारावी, त्यातला हा प्रकार आहे. १८८५ साली निघालेले व चीफ कमिशनर सर जॉन मॉरिस याचे नाव धारण करणारे महाविद्यालय पुढे वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, परंतु चौक अद्याप मॉरिस कॉलेजचाच आहे. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली त्याच दिवशी, जमशेटजी टाटांच्या गिरणीचे काम सुरू झाले व तिला एम्प्रेस मिल हे नाव मिळाले. गिरणी बंद पडली, जागेवर व्यापारी संकुल उभे राहिले, आणि नवे संकुलही एम्प्रेसच म्हणविते. त्या शब्दातील सम्राज्ञी आज कोणाला ऐकू येत नाही. उलट बाजूस, ज्या जुम्मा दरवाजावर अरबांनी डव्हटनला रोखले तो आज गांधीद्वार आहे आणि लगतचा जुम्मा तलाव गांधीसागर. इंग्रजी नावे टिकली व भोसलेकालीन नावे बदलली, यात कोणाचा कट शोधण्याचे कारण नाही. बदल नेहमी तेथेच होतो जेथे लोकांना आपलेपणाचा हक्क वाटतो, आणि सिव्हिल लाइन्सपेक्षा महालावर नागपूरकरांचा तो हक्क अधिक होता.

आता पुन्हा किल्ल्याकडे वळले पाहिजे. वरील अर्थांतर तेथे का घडले नाही? कारण उघड आहे. अर्थ बदलण्यासाठी शब्द बोलला जावा लागतो. न्यायालयात वर्षाला हजारो पक्षकार जातात, विधानभवनासमोर मोर्चे येतात. वास्तू लोकांच्या वापरात, निदान लोकांच्या रागात, असतात. सीताबर्डीचा किल्ला संरक्षण खात्याच्या ताब्यात असून तेथे प्रादेशिक सेनेच्या ग्रेनेडियर्स पलटणीचे ठाणे आहे. सर्वसामान्य नागरिकास तो वर्षातून मोजक्याच राष्ट्रीय दिवशी पाहता येतो. खालच्या बाजारातून रोज लक्षावधी माणसे जातात आणि वर तट आहे एवढेच त्यांना ठाऊक असते.

बंद वास्तूविषयी माहिती तुटपुंजी असते आणि कथा विपुल. महात्मा गांधींना १० एप्रिल ते १५ मे १९२३ या काळात या किल्ल्यात बंदिवान ठेवले होते, असे पर्यटनविषयक लेखनात व वर्तमानपत्रांत वारंवार छापले जाते. तारखा इतक्या नेमक्या आहेत की शंका येऊ नये. परंतु गांधीजींना १८ मार्च १९२२ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली व ते येरवड्याच्या तुरुंगात होते; जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ५ फेब्रुवारीला त्यांची सुटका झाली. १९२३ च्या एप्रिल-मे महिन्यांत ते नागपुरात असण्याची शक्यता या क्रमात बसत नाही. मग ही कथा आली कोठून? तिच्या तारखा पाहिल्या म्हणजे एक अनुमान सुचते. १३ एप्रिलची अडविलेली मिरवणूक आणि १ मेचा सत्याग्रहारंभ हे दोन्ही दिवस त्या कालावधीत येतात. त्या उन्हाळ्यात नागपुरात शेकडो माणसे गांधींचे नाव घेऊन तुरुंगात गेली. रस्त्यावरील त्या स्मृतीला रस्त्यावर कोठे घर मिळाले नाही, तेव्हा तिने टेकडीवरच्या बंद वास्तूत आसरा घेतला असावा. शीतलाप्रसाद व बद्रीप्रसाद यांच्या व्युत्पत्तीसारखीच ही घडण आहे. नावाचा किंवा जागेचा खरा आधार दिसेनासा झाला की लोकमानस ओळखीची व्यक्ती तेथे आणून बसविते.

कादर अलींना टिपू सुलतानाचा नातू म्हणणारी कथाही याच न्यायाने तपासली जावी. त्यांना फाशी झाली ही स्मृती वंशावळीच्या आधाराशिवायही पुरेशी वजनदार आहे.

एक आक्षेप येथे विचारात घेणे न्याय्य होईल. सैन्य तेथे होते म्हणून किल्ला वाचला, असे म्हटले जाते, आणि ते बरेचसे खरे आहे. बर्डीच्या जमिनीचे मोल लक्षात घेता ती टेकडी नागरी ताब्यात असती तर आज तिच्यावर काय उभे असते याची कल्पना करवत नाही. नागपुरातील कित्येक जुने वाडे पाहता पाहता गेले. कबर, थडगी, स्तंभ यांची निगा सैन्याने राखली हेही मान्य केले पाहिजे. पण जतन आणि अर्थबोध ही दोन कामे आहेत. पहिले उत्तम झाले म्हणून दुसरे झाले असे होत नाही.

महाराष्ट्रातच याचे उलट उदाहरण आहे. सीताबर्डीनंतर पाच आठवड्यांनी, १ जानेवारी १८१८ रोजी, कोरेगाव भीमा येथे त्याच युद्धातील दुसरी लढाई झाली व कंपनीने तेथे विजयस्तंभ उभारला. तो स्तंभही सीताबर्डीच्या किल्ल्याप्रमाणेच परकीय सत्तेच्या विजयाची खूण होता. पण तो उघड्यावर होता, त्याच्यावर मृत शिपायांची नावे कोरलेली होती, आणि त्यांत महार शिपायांची नावे होती. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे भेट दिली. त्यानंतर तो स्तंभ कंपनीचा राहिला नाही. दरवर्षी तेथे जमणाऱ्या समुदायाने त्याचा अर्थ आपल्या हातांनी घडविला आहे. त्या अर्थावर वाद झाले, २०१८ साली तेथे हिंसाचारही झाला. अर्थ जिवंत असला की वाद येतोच. सीताबर्डीवर पडलेल्या मद्रासी शिपायांची, अरबांची, भोसल्यांच्या फौजेतील नावनिशाणी नसलेल्या माणसांची आठवण काढण्यासाठी मात्र कोणी जमत नाही. त्यांच्याविषयी वादही नाही.

टेकडीच्या पायथ्याशी परिस्थिती निराळी आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाचे अधिवेशन चालू असता गोवारी समाजाचा मोर्चा नागपुरात आला होता. त्यात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा मृत्यू झाला, त्यांत स्त्रिया व मुले पुष्कळ होती. त्यांचे स्मारक त्या परिसरात रस्त्यालगत उभे आहे, उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे, आणि दर नोव्हेंबरला तेथे लोक येतात. कौन्सिल हॉलच्या सत्तेपुढे आपले गाऱ्हाणे घेऊन आलेल्या माणसांची ही आठवण आहे. शंभर वर्षांपूर्वी निशाण घेऊन त्याच बाजूला निघालेल्यांपेक्षा ती अधिक ठळकपणे जपली गेली आहे, कारण ती उघड्या रस्त्यावर आहे.

किल्ल्याचे संग्रहालय करावे, पलटण हलवावी, अशा सूचना अधूनमधून होतात. त्यांची व्यवहार्यता ठरविणे हे सैन्याचे व शासनाचे काम. इतिहासाच्या दृष्टीने मागणी याहून लहान आहे. लढाईचा क्रम, दोन्ही बाजूंच्या फौजांची खरी घडण, १८५७ च्या फाशींचा तपशील आणि झेंडा सत्याग्रहाचा मार्ग एवढी माहिती मराठीत, टेकडीच्या पायथ्याशी, जेथे दरवाजा उघडावा लागत नाही अशा जागी लिहिली जावी. गांधीजींच्या बंदिवासाची कथा तेथे लिहू नये. ती कशी उत्पन्न झाली असावी हे लिहावयास हरकत नाही. पलटण जेथे आहे तेथे राहूनही एवढे होऊ शकते.

किल्ला लोकांसाठी उघडण्याचे जे दिवस रूढ आहेत ते २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट हे होत. पहिला व शेवटचा राष्ट्राचा, मधला महाराष्ट्राचा. २६ नोव्हेंबर हा नागपूरचा दिवस त्यांत नाही.